आधी जमीन, मग पद्धत: हरणाच्या शिकारीचे नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

हरणाच्या शिकारीच्या पद्धतींची नावे देशोदेशी निराळी असली, तरी मूळ पद्धती चारच आहेत: एका जागी दबा धरून बसणे, झाडीतून अत्यंत सावकाश पुढे सरकत सावज शोधणे, दुरून दुर्बिणीने हेरून मग लपतछपत जवळ जाणे, आणि हाका घालून, म्हणजे माणसांनी सावज उठवून हाकत, ते बंदुकीसमोर आणणे. बर्फावरून माग काढणे, माजावर आलेल्या नराला आवाजाने बोलावणे, कुत्र्यांची मदत घेणे हे सारे या चारांपैकी कोणत्या ना कोणत्या पद्धतीला जोडूनच येते. नवशिका शिकारी बहुतेक वेळा यांतली एक पद्धत आधी मनाशी पक्की करतो, तिला लागणारे सामान जमवतो आणि मग ती वापरण्यासाठी जागा शोधत फिरतो. हा क्रम उलटा आहे. आधी जमीन पाहावी, ती आपल्याला काय करू देते ते समजून घ्यावे आणि पद्धत तिच्यावरून ठरवावी.

पहिली पायरी: कायदा आणि तयारी

ज्या देशांत परवाना घेऊन हरणाची शिकार करता येते, त्यांच्यापुरताच हा लेख आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणांच्या शिकारीला बंदी आहे. तिथे यातली माहिती हरणे पाहण्यासाठी आणि त्यांची छायाचित्रे काढण्यासाठीच वापरावी.

जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथेही नियम एकसारखे नसतात. जर्मनीत शिकारीचा परवाना मिळण्याआधी लेखी, तोंडी आणि नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. न्यूझीलंडमध्ये हरीण हा बाहेरून आणलेला प्राणी असून त्याने तिथल्या रानाचे मोठे नुकसान केले आहे, त्यामुळे सरकारी संरक्षित जमिनीवर शिकारीचा परवाना सहज मिळतो. अमेरिकेत हंगाम, हत्यार आणि नर-मादीची मर्यादा प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते. धनुष्यबाणाने शिकार करणे अमेरिकेत सर्रास चालते, तर ब्रिटनमध्ये ते बेकायदा आहे. वेळेचेही तसेच आहे: अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडता येते, ब्रिटनमध्ये ही मर्यादा दोन्ही बाजूंना एकेक तास आहे. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी लेखी घ्यावी, आणि सीमा कुठून जाते हे त्याच्यासोबत प्रत्यक्ष चालून पाहावे.

हंगामाच्या काही आठवडे आधी नेमबाजीच्या मैदानावर जाऊन आपल्या हाताची खरी मर्यादा ठरवून घ्यावी. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून आणि पालथे पडून अशा प्रत्येक स्थितीत एका लहान ताटलीएवढ्या वर्तुळात सलग सर्व गोळ्या ज्या अंतरावरून बसतात, तेवढेच आपले अंतर. माझ्या मते पहिल्या हंगामात रायफलीने शंभर मीटरच्या आणि धनुष्याने वीस मीटरच्या पुढे विचारच करू नये.

दुसरी पायरी: जमिनीला विचारायचे तीन प्रश्न

नकाशा पसरला की पहिला प्रश्न असा: इथे उभा राहिलो तर मला किती दूरचे दिसेल? दुसरा: वारा इथे कोणत्या वेळी कुठून कुठे वाहतो? आणि तिसरा, जो नवशिके सर्वांत शेवटी विचारतात: माझी गोळी चुकली किंवा हरणाच्या आरपार गेली, तर ती कुठे थांबेल? पद्धत निवडण्यासाठी या तीन उत्तरांपलीकडे फारसे काही लागत नाही.

नकाशावरच्या उंचीच्या रेषा नीट पाहिल्या की हरणाच्या वाटा घरी बसूनही बऱ्याच ओळखता येतात. दोन शिखरांमधली खिंड, डोंगराच्या मुख्य धारेवरून खाली उतरणारी सोंड, तीव्र उताराच्या मध्यावर असलेला सपाट पदर, ओढ्याचा उथळ उतार, तळे आणि कडा यांच्यामधली चिंचोळी पट्टी: हरीण कमी श्रमाचा आणि आडोशाचा रस्ता धरते, आणि अशा जागी सगळे रस्ते एकत्र येतात. प्रत्यक्ष गेल्यावर लेंड्या, खुरांचे ठसे, साल सोललेली झाडे आणि नराने खुरांनी उकरलेली माती या खुणांवरून नकाशाचा अंदाज तपासावा. लेंड्या ओल्या, चकचकीत असतील तर त्या ताज्या. कोरड्या आणि भुरकट असतील तर जुन्या.

तिसरी पायरी: वारा

हरणाची नजर आणि कान दोन्ही चांगले असतात, तरीही त्याचा खरा भरवसा नाकावर असतो. आकृती दिसली तर ते थबकून पाहत राहते, आवाज आला तर कान टवकारून खात्री करून घेते. पण माणसाचा वास लागला की दुसरा पुरावा शोधत नाही, निघून जाते. म्हणून कोणतीही पद्धत वापरली तरी वारा हरणाकडून आपल्याकडे किंवा निदान आडवा असला पाहिजे.

सपाट प्रदेशात हे सोपे असते. डोंगरात वाऱ्याला स्वतःचे वेळापत्रक असते. रात्री थंड झालेली हवा जड होऊन पाण्यासारखी ओढ्याओढ्यांनी खाली वाहत राहते. सकाळी ऊन उतारावर पडून जमीन तापली की तीच हवा वर चढू लागते. संध्याकाळी सावली पडताच प्रवाह पुन्हा खाली वळतो. त्यामुळे ऊन चढल्यावर आपण हरणाच्या वरच्या अंगाला असावे आणि संध्याकाळी खालच्या अंगाला. पहाटे अंधारात मात्र हवा अजून खालीच वाहत असते, हे विसरून पुष्कळ लोक खिंडीत लवकर जाऊन बसतात आणि खालून येणाऱ्या हरणांना आपला वास आधीच पोहोचवतात. प्रवाह बदलण्याच्या वेळी हवा काही काळ कुठेही वाहते. तेवढा वेळ जागेवरून न हललेले बरे. वाडग्यासारख्या खोलगट दरीत आणि धारेच्या वाऱ्याआडच्या बाजूला झोत उलटे फिरतात, आणि मोठे नर विश्रांतीसाठी नेमकी अशीच जागा निवडतात: धारेच्या थोडे खाली, वाऱ्याच्या आडोशाला, जिथे पाठीमागून धारेपलीकडचा वास येतो, खालून उतारावरची हवा येते आणि समोर सगळे दिसते.

यावर उपाय साधा आहे. बिनवासाची बारीक पूड भरलेली एक मऊ बाटली खिशात ठेवावी आणि दर थोड्या वेळाने किंचित दाबावी. पूड हातभर अंतरावर काय करते एवढेच पाहून भागत नाही. ती चार-पाच मीटर गेल्यावर एखाद्या बुंध्यापाशी वळते, वर उचलली जाते की ओढ्याकडे ओढली जाते, हे शेवटपर्यंत पाहावे. गालाला लागणारा वारा आणि पुढच्या झाडीत फिरणारा वारा पुष्कळदा वेगवेगळे असतात.

रंगाची चिंता मात्र फार करू नये. हरणाला लाल आणि नारिंगी रंग हिरव्यापासून वेगळे ओळखता येत नाहीत, त्यामुळे सुरक्षेसाठी घालायचा भडक नारिंगी अंगरखा त्याला बुजवत नाही. निळा रंग त्याला चांगला दिसतो, तेव्हा निळी जीन्स घरी ठेवावी. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला सुमारे ३०० अंशांचा परिसर एका वेळी दिसतो आणि त्यातली बारीकशी हालचालही टिपता येते. लपवायची असते ती हालचाल.

सपाट शेतीचा आणि विरळ झाडीचा प्रदेश: बसून शिकार

जिथे शेते आणि झाडीचे तुकडे एकमेकांत मिसळलेले आहेत, तिथे हरीण दिवसा झाडीत बसते आणि पहाटे व तिन्हीसांजेला कडेला चरायला येते. त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. इथे चालत फिरण्यात अर्थ नाही; झाडीतून शेतात उतरण्याच्या कोपऱ्यावर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा हरणाकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला, मचाण बांधून बसावे.

मध्य युरोपात शेतांच्या कडेला जागोजागी लाकडी उंच मचाणे दिसतात. वरून लांबचे दिसते आणि वासही काहीसा वरून जातो, पण त्यांचा सर्वांत मोठा फायदा तिसऱ्या प्रश्नाशी जोडलेला आहे. सपाट जमिनीवर उभ्याने झाडलेली रायफलीची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते, आणि मध्ये तिला अडवायला टेकडी नसते. पाच-सहा मीटर उंचीवरून खाली झाडलेली गोळी हरणामागच्या मातीतच रुतते. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेकडील सपाट, दाट वस्तीच्या शेतीप्रदेशांत लांब पल्ल्याच्या रायफलींऐवजी शॉटगनची एकसंध गोळी किंवा कमी पल्ल्याची काडतुसे वापरायला लावणारे नियम आले, ते याच कारणाने.

मचाणावर चढण्याआधी संपूर्ण शरीराला बसणारा सुरक्षापट्टा घालावा आणि तो जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत खाली येईपर्यंत दोराला जोडलेला ठेवावा. चढताना दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय सतत टेकलेले असावेत. बंदूक रिकामी करून, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यावी. हरणाच्या शिकारीत गोळीपेक्षा मचाणावरून पडण्याची भीती लोकांना कमी वाटते, आणि जखमी होण्याचे ते फार मोठे कारण आहे.

नवशिक्याने सुरुवात याच पद्धतीने करावी, असे मी आग्रहाने सांगेन. बसलेल्या माणसाला हरीण बिनधास्त वागताना दिसते: ते चरताना मान किती वेळाने वर करते, शेपटी हलवून पुन्हा खाली कधी वाकते, मादी पुढे येऊन उघड्यावर कशी थांबते आणि नर मागे झाडीतच कसा रेंगाळतो. हे ज्ञान पुढे प्रत्येक पद्धतीत कामाला येते, आणि चालत फिरणाऱ्याला ते फार उशिरा मिळते.

दाट जंगल: सावकाश सरकत शोध

अखंड दाट जंगलात चरण्याची एक ठरावीक जागा नसते, वाटा विखुरलेल्या असतात आणि दृष्टी तीस-चाळीस मीटरवर अडते. इथे दुर्बिणीने दूरचे हेरता येत नाही आणि बसायचे कुठे हेही पटकन कळत नाही. म्हणून माणसाने स्वतः हलायचे, पण हरणाला चाहूल लागणार नाही अशा गतीने.

ती गती कशी असते ते सांगतो. पाऊल उचलण्याआधी ते कुठे टेकवायचे हे पाहून घ्यावे, कारण हलताना नजर खाली गेली तर पुढचे हरीण दिसत नाही. पावलाची बाहेरची कड आधी टेकवावी, खाली काटकी आहे का याचा अंदाज घ्यावा, मगच भार टाकावा. अशी दोन-तीन पावले झाली की मोठ्या बुंध्याशेजारी थांबावे आणि चालायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ नुसते पाहावे. पूर्ण हरीण शोधू नये. झाडांच्या उभ्या रेषांमध्ये एक आडवी रेषा, म्हणजे पाठ. पानांच्या गर्दीत एकदा झटकला गेलेला कान. काळ्या नाकपुडीभोवतीची ओलसर चकाकी. असे तुकडेच आधी दिसतात. दोन पावलांनंतर कोन बदलतो आणि मघाशी बुंध्यामागे असलेला खांदा उघडा पडतो, म्हणून प्रत्येक थांब्यावर आधी पाहिलेली झाडीही पुन्हा पाहावी.

ही पद्धत हवामानावर फार अवलंबून आहे. पावसाने भिजलेला पाचोळा पायाखाली दबतो आणि वाऱ्याची सळसळ उरलेला आवाज झाकते. असा दिवस सोडू नये. उलट कोरडी पाने किंवा वरून कडक झालेला बर्फ असेल, तर हट्टाने चालत न राहता पदरावर किंवा खिंडीत बसावे.

दाट झाडीतला सर्वांत मोठा धोका म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्यालाच हरीण समजणे. न्यूझीलंडच्या शस्त्र-सुरक्षेच्या नियमांत सावज निःसंशय ओळखण्याचा स्वतंत्र नियम आहे. हालचाल, रंग किंवा आवाज यांवर बंदूक कधीही उचलू नये, आणि झाडीत काय हलते हे पाहण्यासाठी रायफलीची दुर्बीण वापरू नये; त्यासाठी गळ्यातली दुर्बीण आहे.

ताजा, मऊ बर्फ पडला की याच जंगलात एका हरणाचा माग धरून दिवसभर चालता येते. ठशाच्या कडा धारदार आणि आतला बर्फ भुसभुशीत असेल तर माग ताजा. सरळ जाणारा माग वळणे घेऊ लागला आणि पावले जवळजवळ पडू लागली, की हरीण चरत आहे किंवा बसायला जागा शोधत आहे असे समजावे. तिथून पुढे मागावर नजर न खिळवता बाजूंना पाहावे, कारण विश्रांतीला बसण्याआधी हरीण बहुधा वळसा घेऊन, आपलीच मागची वाट दिसेल अशा जागी बसते.

उघडे डोंगर आणि माळ: हेरून जवळ जाणे

स्कॉटलंडचे वृक्षहीन डोंगर किंवा पश्चिम अमेरिकेतले कोरडे, घळींनी चिरलेले प्रदेश इथे नजर किलोमीटरभर जाते. हरणालाही तेवढेच दिसते. त्यामुळे इथे बहुतेक वेळ दुर्बिणीला डोळा लावून जातो. उजाडण्याआधी उंच जागी पोहोचावे, पण माथ्यावर उभे राहू नये. आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणूस लगेच उठून दिसतो. माथ्याखाली खडकाला पाठ लावून बसावे, शक्य तर दुर्बीण तिपाईवर लावावी आणि समोरचा उतार पट्ट्यापट्ट्यांनी, आधी जवळचा आणि मग दूरचा, सावकाश तपासावा.

हरीण सापडले तरी लगेच निघू नये. ते चरते आहे की बसले आहे, कळपात आणखी किती आहेत, सर्वांत सावध मादी कुठे आहे आणि जवळ जाताना कोणती घळ किंवा ओढा आपल्याला शेवटपर्यंत झाकेल, हे ठरवून वाटेतल्या दोन-तीन ठळक खुणा लक्षात ठेवाव्यात. खाली घळीत उतरल्यावर वरून पाहिलेला डोंगर ओळखू येत नाही, आणि खुणा पाठ नसतील तर माणूस भलत्याच सोंडेवर निघतो. स्कॉटलंडमध्ये शेवटचा टप्पा ओल्या गवतातून, ओढ्याच्या पात्रातून पोटावर सरपटत पार करावा लागतो. तिथे पाहुण्या शिकाऱ्याबरोबर त्या डोंगराचा जाणकार वाटाड्या असतो, आणि गोळी कधी झाडायची हे तोच सांगतो. नवख्याला शिकण्यासाठी याहून चांगली व्यवस्था मला ठाऊक नाही.

उतारावर नेम धरताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. गोळीची घसरण तिरप्या अंतरावर ठरत नाही, आडव्या अंतरावर ठरते. ३० अंशांच्या उतारावर ३०० मीटर तिरपे अंतर म्हणजे सुमारे २६० मीटर आडवे अंतर. पूर्ण ३०० मीटर धरून नेम घेतला तर चढावर काय आणि उतारावर काय, गोळी वरच जाते. धारेवर उभ्या असलेल्या हरणामागे फक्त आकाश असते, तेव्हा ते कितीही मोठे असले तरी त्यावर गोळी झाडू नये.

दलदल, गच्च झुडपे आणि दऱ्या: हाका

काही जमिनी अशा असतात की तिथे बसून दिसत नाही, चालून आवाज टाळता येत नाही आणि दुरून हेरता येत नाही. अशा ठिकाणी हाक्याचा उपयोग होतो. तिथेही जमिनीनेच सावज चिंचोळ्या वाटेवर आणावे लागते. उत्तर अमेरिकेतल्या ह्युरॉन सरोवराच्या तळाशी सापडलेल्या, सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या दगडी रांगा कॅरिबू हरणांना असेच अडवून वळवण्यासाठी रचलेल्या होत्या.

जर्मनीत हिवाळ्यात जो हाका होतो, त्यात थोडेच हाकारे आणि आखूड पायांचे, सतत भुंकणारे कुत्रे असतात. कुत्रे हळू धावत असल्यामुळे हरणे भेदरून सुसाट पळत नाहीत. ती नेहमीच्या वाटांनी, मधूनमधून थांबत बाहेर येतात आणि नेम साधण्याची संधी मिळते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या उभ्या, झाडीने गच्च दऱ्यांत एकोणिसाव्या शतकात नेऊन सोडलेली सांबरे आज शिकारी कुत्र्यांच्या मदतीने मारली जातात, कारण त्या दऱ्यांत माणसाला सांबर उठवता येणे कठीण असते.

नवशिक्याने हाक्यात पहिल्यांदा हाकारा म्हणून जावे. जागेवर उभे राहायची वेळ आली, तर शेजारचे शिकारी नेमके कुठे आहेत हे बोट दाखवून पक्के करावे, आपण कोणत्या कोनात गोळी झाडू शकतो ते ठरवून घ्यावे आणि हाका संपल्याची खूण होईपर्यंत जागा सोडू नये. हाकाऱ्यांच्या दिशेला बंदूक वळवूच नये. धावत्या हरणावर गोळी झाडण्याचा सराव नसेल, तर ते थांबेल तेव्हाच झाडावी, नाहीतर जाऊ द्यावे.

माजाचा काळ

पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माज उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडील भागांत साधारण नोव्हेंबरमध्ये येतो, युरोपातल्या लाल हरणांचा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, छोट्या रो हरणांचा जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत, आणि दक्षिण गोलार्धातल्या न्यूझीलंडमध्ये लाल हरणे मार्चअखेर व एप्रिलमध्ये डरकतात. या दिवसांत नर दिवसाढवळ्या फिरतात. शिंगावर शिंग आपटून किंवा मादीसारखा आवाज काढून त्यांना जवळ आणता येते, पण येणारा नर शेवटी वळसा घालून वाऱ्याखाली जातो आणि वास घेतो. म्हणून आपल्या वाऱ्याखालच्या बाजूला नदी, कडा किंवा उघडे मैदान असे काहीतरी असावे, जे त्याला तिकडून येऊ देणार नाही.

गोळी आणि त्यानंतर

हरीण आडवे, पूर्ण बाजू दाखवून उभे असावे किंवा आपल्यापासून किंचित तिरपे पाठमोरे असावे. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात नेम घ्यावा. तिथे हृदय आणि फुप्फुसे असतात. डोके आणि मान यांच्यावर नवशिक्याने नेम धरू नये.

गोळी झाडल्यावर जागेवरून न उठता हरीण कुठे उभे होते, कुठल्या झाडापाशी दिसेनासे झाले, हे मनात पक्के करावे. मग निदान अर्धा तास थांबावे. रक्त फेसाळ आणि गुलाबी असेल तर गोळी फुप्फुसाला लागली आहे आणि हरीण फार दूर नसेल. रक्त गडद असेल तर यकृत. तीन-चार तास थांबावे. हिरवट द्रव आणि घाण वास असेल तर पोट, आणि मग आठ तास किंवा त्याहून अधिक धीर धरावा, कारण लवकर पाठलाग केला तर ते उठून मैलभर जाते आणि हाती लागत नाही. माग हरवला, तर शेवटच्या थेंबापाशी कापडाची खूण बांधावी, आजूबाजूला तुडवू नये आणि परवानगी असेल तिथे माग काढणारा कुत्रा बोलवावा. जखमी हरीण शोधणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य आहे. जर्मनीत ते कायद्यानेही बंधनकारक आहे.

मृत हरणाकडे मागच्या बाजूने जावे आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून पापणी हलत नाही याची खात्री करावी. बंदूक रिकामी करावी. पोट लगेच उघडून आतडी काढावीत, कारण जाड कातडीखाली उष्णता कोंडून मांस लवकर खराब होते. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात १९६७ मध्ये प्रथम आढळलेला हरणांचा क्षयकारक मेंदूरोग आता अनेक प्रदेशांत पसरला आहे. तिथे हातमोजे घालावेत, मेंदू आणि पाठीचा कणा कापू नये, तपासणीसाठी नमुना द्यावा आणि निकाल येईपर्यंत मांस खाऊ नये.

आणि हे सगळे वाहून न्यायचे आहे, हा हिशेब गोळीआधी करावा. हरीण घळीच्या तळाशी असेल, वाट वर असेल आणि अंधार पडायला तासभर उरला असेल, तर ते हरीण सकाळी परत दिसेल असे समजून त्या दिवशी सोडून द्यावे. एकट्याने काढायचेच असेल तर मांसाचे भाग सुटे करावेत, श्वास घेणाऱ्या सुती पिशव्यांत भरावेत, पाठीवरच्या ओझ्याला नारिंगी कापड बांधावे आणि उताराच्या वाटेनेच निघावे, ती लांबची असली तरी.